पक्क्या लायसन्सची रांग

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहन चालवण्याचा परवाना दोन टप्प्यांत मिळतो. आधी शिकाऊ परवाना, ज्याला ठाण्यापासून बदलापूरपर्यंत सगळे ‘लर्निंग’ म्हणतात. मग प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवल्यावर पक्के लायसन्स. या दोहोंमध्ये कायद्याने स्वतःच काही थांबे ठेवले आहेत. लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याखेरीज चाचणी देता येत नाही. लर्निंगची मुदत सहा महिने. चाचणीत नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते. तीनदा नापास झाला तर शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा उमेदवाराने प्रशिक्षण शाळेत उजळणीचा अभ्यासक्रम पुरा करणेही अपेक्षित आहे. या थांब्यांबद्दल फारशी कोणाची तक्रार नसते. हात बसायला वेळ लागतो हे शिकणाऱ्यालाही कळते. तक्रार असते ती या थांब्यांच्या भोवती वाढत गेलेल्या वाट पाहण्याची.

ठाण्याच्या परवान्यावर आणि गाड्यांवर एमएच ०४ हा क्रमांक असतो, कल्याणचा एमएच ०५. डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही सारी वस्ती कल्याणच्या कार्यालयाकडे येते. नवी मुंबईचे वाशीला वेगळे कार्यालय आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हा पट्टा ज्या वेगाने भरला, त्यात नोकरीसाठी मुंबईला जाणाऱ्यांचा वाटा मोठा. त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक लोकल ठरवते. सकाळी निघायचे आणि रात्री परत यायचे, हा क्रम असलेल्या माणसाला परिवहन कार्यालय उघडे दिसते ते फक्त रजेच्या दिवशी. म्हणून इथली प्रतीक्षा आठवड्यांपेक्षा रजांमध्ये मोजली जाते. चाचणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली याचे दुःख नसते; त्या दिवशी पावसामुळे किंवा कागद कमी पडल्यामुळे परत यावे लागले आणि रजा फुकट गेली, ते मात्र पुढे वर्षभर सांगितले जाते.

ही रांग पूर्वी खिडकीसमोर होती. सकाळी लवकर जाऊन अर्ज घ्यायचा, भरायचा, एका खिडकीवर पैसे भरायचे, दुसऱ्या खिडकीवर छायाचित्र काढायचे आणि लेखी परीक्षेसाठी बाकावर बसायचे. ज्याला हे जमत नसे किंवा नको असे, तो आवारातल्या एजंटला गाठत असे. एजंटला पैसे देणे म्हणजे लाच देणे, असे बहुतेकांना वाटत नव्हते. वेळ विकत घेतला, असे ते स्वतःला सांगत. जानेवारी २०१५ मध्ये तत्कालीन परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी राज्यभरातल्या परिवहन कार्यालयांत एजंटांना मज्जाव केला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. त्याच सुमारास वेळ आधी ठरवून घेण्याची पद्धत रुजत गेली आणि पुढे अर्ज, शुल्क, कागदपत्रे हे सगळेच ‘सारथी’ या केंद्रीय संगणक यंत्रणेवर गेले. खिडकीसमोरची रांग खरोखरच कमी झाली. पण जो माणूस पूर्वी फॉर्म भरून घ्यायला एजंटकडे जात होता, तोच आता मोबाइलवर येणारा ओटीपी सांगायला झेरॉक्सच्या दुकानात उभा राहू लागला.

रांग दुसऱ्यांदा सरकली ती जून २०२१ मध्ये. महाराष्ट्रात लर्निंगची परीक्षा आधारच्या साहाय्याने घरबसल्या देण्याची सोय झाली. पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ बरोबर आले की पास. शुल्क वाहनाच्या प्रत्येक प्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. ज्या कामासाठी आधी एक दिवस जात असे, ते जेवणाच्या सुट्टीत होऊ लागले. या सोयीचे स्वागत व्हायलाच हवे होते आणि झालेही. तिचा एक परिणाम मात्र मोटार ट्रेनिंग स्कूलवाल्यांच्या लगेच लक्षात आला. लर्निंग काढणे सोपे झाल्याने ते काढणारे वाढले. प्रत्यक्ष चाचणी घेणारे निरीक्षक आणि चाचणीची जागा मात्र होती तेवढीच राहिली. सिनेमागृहाचे प्रवेशद्वार रुंद करून आतल्या खुर्च्या तेवढ्याच ठेवाव्यात, तसे झाले. शिवाय घरातल्या परीक्षेत उत्तरे नेमकी कोणी दिली हे पडद्याला पुरते कळत नाही. त्यामुळे ‘थांबा’ आणि ‘रस्ता द्या’ या चिन्हांतला फरक न सांगता येणारे उमेदवारही गाडीच्या चाचणीपर्यंत पोचू लागले.

तारखा कमी का पडतात, याचे उत्तर बाहेरून दिसते त्यापेक्षा साधे आहे. चाचणी मोटार वाहन निरीक्षक किंवा सहायक निरीक्षक घेतो. तोच निरीक्षक व्यावसायिक गाड्यांची योग्यता तपासतो, अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करतो आणि पाळी आली की गाड्या तपासणाऱ्या वायुवेग पथकाबरोबर रस्त्यावर उभा राहतो. त्यामुळे दिवसाला किती चाचण्या होणार, याचा कोटा ठरलेला असतो आणि संगणक तेवढ्याच जागा दाखवतो. तारखांच्या तक्त्यात मोकळा दिवस शोधत पान पुन्हा पुन्हा उघडणे, हे आता अर्जदाराचे कामच झाले आहे. निवडणूक आली की आणखी भार पडतो, कारण मतदानासाठी लागणाऱ्या गाड्या ताब्यात घेण्याच्या कामात परिवहन खाते गुंतते. २०२४ मध्ये ठाणे आणि कल्याण लोकसभा मतदारसंघांत २० मे रोजी आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला मतदान झाले. एकाच वर्षात दोनदा.

त्यात या भागाचे स्वतःचे एक पंचांग आहे. बारावीची परीक्षा संपली आणि अठरा पूर्ण झाली की मुले एप्रिल-मे महिन्यांत लर्निंग काढतात. मेमधल्या लर्निंगची मुदत नोव्हेंबरात संपते. मधले सहा महिने कागदावर भरपूर वाटतात. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर पाऊस. उघड्यावरच्या मार्गावर पाणी साचले, चिखल झाला की दुचाकीच्या चाचण्या रखडतात. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. ऑक्टोबर उजाडतो तेव्हा उन्हाळ्यात लर्निंग काढलेले सगळे एकदम जागे होतात आणि एकाच तक्त्यावर तारखा शोधू लागतात. करोनाच्या काळात हे प्रमाणाबाहेर गेले होते. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपणाऱ्या परवान्यांना केंद्र सरकारने पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली, ती २०२१ च्या शरद ऋतूपर्यंत चालली. कार्यालये पूर्ण सुरू झाल्यावर तो साठलेला गठ्ठा नेहमीच्या गर्दीत मिसळला.

एरवी लर्निंगची मुदत वाढत नाही. ती संपली की नवा अर्ज, नवे शुल्क आणि पुन्हा तीस दिवस. या एका गोष्टीमुळे वाट पाहणे इथे नुसते कंटाळवाणे राहत नाही, महाग होते. मुरलेले प्रशिक्षक म्हणूनच विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी क्लच दाखवण्याआधी लर्निंगवरची तारीख विचारतात. तिसावा दिवस उलटला की त्याच आठवड्यात चाचणीची वेळ घेऊन ठेवावी, असा त्यांचा आग्रह असतो. त्याला ठरलेले उत्तर मिळते. “सर, अजून हात बसला नाही, दिवाळीनंतर बघू.” हे उत्तर बहुधा चाळिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्यांचे असते आणि त्यात भीती खरी असते. पण तारीख मिळायलाच काही आठवडे लागणार असतील, तर हात बसण्याची वाट पाहून तारीख घेणारा माणूस सहा महिन्यांच्या काठावर येऊन पोचतो. मग काठावरची एकमेव चाचणी आणि तिचा ताण. दोन महिने हातात ठेवून चाचणी दिलेल्याला नापास होण्याची मुभा असते. प्रशिक्षकांच्या अनुभवात शांतपणे गाडी चालवणारे उमेदवार बहुधा हेच असतात.

मधला काळ शिकण्यासाठी असतो, आणि तो कसा जातो हे प्रत्येकाच्या वस्तीवर ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रशिक्षण शाळेने खासगी मोटारीसाठी किमान एकवीस दिवस शिकवावे आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान दहा तास व्हावे. रोज अर्ध्या तासाच्या पाळीत ते दहा तास जेमतेम भरतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कंटेनरांची ये-जा आणि मेट्रोची कामे, डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्यावर तेच. म्हणून स्कूलच्या गाड्या पहाटे निघतात. डोंबिवलीत एमआयडीसीच्या निवासी भागातले आणि ठाकुर्लीजवळच्या नव्वद फुटी रस्त्याचे सकाळचे तास शिकणाऱ्यांचे. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ असतो. ही पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस असावी आणि त्यावरचे अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच असावे, इतके बारकाईने नियमात लिहिले आहे. शेजारी परवानाधारक बसलेला हवा आणि त्याला गाडी थांबवता आली पाहिजे. स्कूलच्या गाडीत त्याच्या पायाखाली ब्रेक आणि क्लचची दुसरी जोडी असते. ती किती वेळा दाबली गेली, हे शिकणाऱ्याला कळत नाही. आपण चांगली चालवतो आहोत असा त्याचा समज त्यामुळे काही आठवडे टिकतो.

चढावावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा पुढे काढणे, हा नियमांतल्या चाचणीचा एक भाग आहे. कल्याण-डोंबिवलीकराला त्याचा सराव पुलावर होतो. डोंबिवलीचे पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल २०१९ ते २०२१ दुरुस्तीसाठी बंद होता. कल्याणचा १९१४ चा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. त्या वर्षांत शिकलेल्यांनी उरलेल्या पुलांवरच्या कोंडीत, इंचाइंचाने पुढे सरकत, हाफ क्लच जेवढा घोटला तेवढा कुठल्याच मैदानात घोटता आला नसता. मागच्या रिक्षाचा हॉर्न हा त्या अभ्यासक्रमाचा अलिखित भाग. हे कौशल्य चाचणीच्या दिवशी क्वचितच तपासले जाते, पण पुढे रोज लागते.

चाचणीच्या दिवशी उमेदवाराबरोबर गाडी लागते, ज्या प्रकारच्या वाहनाचा परवाना हवा त्याच प्रकारची. गाडी स्वतःची असो, मित्राची किंवा स्कूलची, तिचा विमा आणि पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, चालू असावा लागतो. परत पाठवले जाण्याचे सर्वांत हमखास कारण उमेदवाराचे चालवणे नसून गाडीचा उलटून गेलेला पीयूसी हे असते, आणि काही मिनिटांत मिळणाऱ्या या कागदापायी दिवस जातो. दुचाकीवाल्यांचा वेगळा घोटाळा होतो. गिअरची आणि बिनगिअरची दुचाकी हे परवान्यातले दोन वेगळे प्रकार आहेत. अर्ज गिअरच्या दुचाकीचा आणि सोबत शेजाऱ्याची स्कूटर, असे आलेला तरुण तिथल्या तिथे मोटारसायकल मिळवण्यासाठी धावताना दिसतो. सोळाव्या वर्षी बिनगिअरची चालवता येते असे पालक ठामपणे सांगतात. कायद्यातली ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाला आहे, आणि रस्त्यावरच्या नेहमीच्या स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या आहेत.

मग थांबणे. स्कूलच्या एका गाडीत चार-पाच उमेदवार येतात आणि पाळीपाळीने चाकामागे बसतात. प्रशिक्षकाचे खरे काम या तासा-दोन तासांत असते. सीट पुढे घ्यायला लावणे, आरसा नीट करायला लावणे, “मॅडम, साहेब बसले की आधी बेल्ट, मग चावी” हे पुन्हा सांगणे. आधीचा उमेदवार गाडी बंद पाडून आला की पुढच्याचे पाय थरथरतात, हे त्याला ठाऊक असल्याने क्रम तोच लावतो. पहिला नेहमी बरा हात असलेला. दुचाकीवाले आठचा आकडा काढतात आणि पाय टेकू नये म्हणून श्वास रोखून धरतात. मोटारवाले थोडे पुढे, थोडे मागे, एखादे वळण घेतात. केंद्रीय नियम १५ मध्ये उमेदवाराला काय काय यायला हवे याची लांबलचक जंत्री आहे: सर्व गिअरमधून गाडी नेणे, उतारावर खालचा गिअर पटकन टाकणे, ओलांडून पुढे जाणे, पादचारी पट्ट्यावर योग्य वागणे, चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचणे. यातले निम्मेही काही मिनिटांत पाहून होणार नाही, हे निरीक्षकाला आणि उमेदवाराला दोघांनाही माहीत असते. आठवडे वाट पाहून मिळालेली चाचणी एका चहाच्या वेळात आटोपते. खरी उणीव इथे आहे. चाचणीला पुरेसा वेळ दिला तर रांग आणखी वाढेल, आणि रांग कमी करायची तर चाचणी आणखी आखूड होईल. निरीक्षक आणि मार्ग वाढवल्याशिवाय या पेचातून वाट नाही.

ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना याची दुसरी बाजू दिसते. भारतीय परवान्यावर तिथे स्थायिक झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. मग तिथली लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते. ती चाचणी सुमारे चाळीस मिनिटे, खऱ्या वाहतुकीत होते आणि निम्म्याच्या आसपास उमेदवार नापास होतात. करोनानंतर तिथेही परीक्षक कमी पडले; अनेक केंद्रांवर चोवीस आठवड्यांपर्यंत, म्हणजे आगाऊ तारीख देण्याच्या कमाल मर्यादेपर्यंत, वाट पाहावी लागते. मोकळ्या तारखा संगणकाच्या करामतीने आधीच उचलून चढ्या भावाने विकणारे मध्यस्थही उगवले. एजंट ही फक्त इथल्या कार्यालयांची देणगी नव्हे, हे डोंबिवलीच्या माणसाला तिकडे गेल्यावर कळते. बारा महिन्यांतले सुरुवातीचे सहा घर लावण्यात घालवणाऱ्याला तिथे मग काही काळ बसने फिरावे लागते.

चाचणीचा भार कार्यालयांवरून उतरवण्याचा एक उपाय केंद्राने केला आहे. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद केली: मोटारीसाठी चार आठवड्यांत २९ तासांचे शिक्षण, स्वतःचा चाचणी मार्ग, आणि तिथे उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातल्या चाचणीतून सूट. अट एवढीच की हलक्या वाहनांच्या केंद्राला किमान एक एकर जागा हवी. ठाणे-कल्याणमध्ये एक एकर मोकळी जमीन असलेला माणूस तिच्यावर गाडी शिकवायला बसेल की इमारत बांधेल, हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. मे २०२४ मध्ये ‘१ जूनपासून आरटीओत चाचणी बंद’ अशी बातमी पसरली, तेव्हा स्कूलवाल्यांचे फोन वाजत राहिले. नियमांत कोणताही बदल नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयाला करावा लागला. तेवढ्या दिवसांत काही जणांनी घेतलेल्या तारखा सोडून दिल्या आणि ते रांगेच्या टोकाला गेले.

पोटासाठी गाडी चालवणाऱ्याची प्रतीक्षा वेगळी असते. व्यावसायिक वाहनासाठी वय वीस लागते आणि त्या प्रकारचे लर्निंग काढण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर हाती असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालाने ७,५०० किलोपर्यंतची व्यावसायिक वाहने हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतील हे स्पष्ट केल्याने टेम्पोवाल्यांचा एक प्रश्न सुटला. रिक्षावाल्याला मात्र बॅज हवाच आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. नोकरदाराची रजा जाते. याची रोजची कमाई जाते. तोवर दुसऱ्याच्या रिक्षावर विनापरवाना पाळी मारण्याचा मोह होतो. परवान्याशिवाय वाहन चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने ५०० वरून ५,००० रुपये झाला, आणि गाडी देणाऱ्या मालकालाही कायदा सोडत नाही.

चाचणीत पास झाल्यावर रांग शेवटची जागा घेते, छापखान्यात. चाचणीचे ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० आधीच भरलेले असतात. कार्ड टपालाने घरी येते. २०२३ मध्ये राज्यात कार्ड छपाईची व्यवस्था बदलताना कार्डे मोठ्या संख्येने रखडली होती. आता त्याची धास्ती कमी झाली आहे, कारण २०१८ च्या नियमबदलानंतर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचा परवाना मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे आणि तो कार्डाच्या आधी दिसू लागतो. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनी मात्र वेळेचा हिशेब सैल ठेवावा; एक वर्ष चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना १,००० रुपयांत मिळतो, पण पक्के लायसन्स नोंदल्याशिवाय त्याचा अर्जच करता येत नाही. कार्डाचे पाकीट घरी कोणी नसताना आले तर ते परत कार्यालयात जाते. दिवसभर कुलूप असलेल्या घरांच्या या पट्ट्यात हे वारंवार घडते, आणि मग ओळखपत्र दाखवून ते घेऊन येण्यासाठी आणखी एक रजा टाकावी लागते. अर्जात पत्ता लिहिताना सोसायटीच्या कार्यालयाचे नाव आणि दिवसा घरी असणाऱ्याचा मोबाइल क्रमांक देणारे यातून सुटतात.